शनवार तेली ते सिनेगॉग

कोकणात तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. हेच बेने इस्राएल, महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, अशी त्यांची आडनावेही गावांवरून पडलेली. अठराव्या शतकात त्यांतली कुटुंबे मुंबईला येऊ लागली. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये तिथले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, उभारले.

धर्माची नव्याने ओळख झाली ती शहरातच. कोचीनच्या ज्यूंनी प्रार्थना शिकवल्या, मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आली. हायेम सॅम्युएल केहीमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये समाजाची शाळा निघाली. १८८० च्या सुमारास बायबलातल्या आख्यानांवर चक्क मराठी कीर्तने रंगू लागली. ज्यूपण शिकताना मराठीपण सोडावे लागले नाही, हे विशेष.

मलिद्याचा विधी खास त्यांचाच. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फेडताना, लग्नकार्यात मलिदा हवाच.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले. इथे उरलेल्या ज्यूंना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.