एकदांच आणि प्रत्येक वेळीं

अंधेरीचें सीप्झ १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं स्थापन झालें. त्या काळीं संगणक ही डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु होती. आज त्याच उपनगरांतील एखादी कचेरी लिनक्स सर्व्हर भाड्यानें घेते, तो तेथें कोणीं पाहिलेलाहि नसतो. अॅमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत आपलें क्लाऊड केंद्र उघडलें. तेथून असा सर्व्हर कांहीं मिनिटांत हातीं येतो. मात्र तो येतो कोरा. त्याचें नांव, वापरणारांचीं खातीं, लागणारे प्रोग्राम हें सर्व कोणीं करावयाचें?

त्यासाठीं क्लाऊड-इनिट नांवाचा प्रोग्राम आहे. मालकानें सूचनांचें एक पत्र आधींच लिहून द्यावें. सर्व्हर प्रथम जागा होतांच तें वाचतो आणि त्याबरहुकूम वागतो. 'रनसीएमडी' या सदराखालील आज्ञा तो पहिल्याच वेळीं पाळतो, 'बूटसीएमडी'खालील आज्ञा प्रत्येक वेळीं. हा भेद ज्यानें ओळखला नाहीं, त्याचें नुकसान ठरलेलें. नवी डिस्क साफ करण्याची आज्ञा चुकीच्या सदरांत पडली, तर पुढच्या रीबूटला साठविलेली माहितीहि साफ होईल! उलट, पत्र मागाहून बदलून नुसतें रीबूट केल्यास एकदांच पाळावयाच्या आज्ञा पुन्हां पाळल्या जात नाहींत. म्हणून सुधारलेलें पत्र नव्या सर्व्हरवरच पारखावें. आणखी एक: तें पत्र सर्व्हरमध्यें मागाहूनहि वाचतां येतें, त्यांत पासवर्ड कधींहि लिहूं नये.

आतां रीबूटाविषयीं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, याची नवी आवृत्ति डिस्कवर उतरली तरी सामान्यतः रीबूट होईपर्यंत जुनीच चालत राहते, आणि तिच्यांतील उणीवहि. उबुंटूमध्यें 'रीबूट आवश्यक' अशा अर्थाची खूण उमटते, आणि मालकानें अनुमति दिली असल्यास सर्व्हर नेमल्या वेळीं स्वतःच रीबूट होतो. पण ती वेळ कोणाच्या घड्याळाची? क्लाऊडमधील सर्व्हर बहुधा यूटीसी वेळ पाळतात. ती आपल्याहून साडेपांच तास मागें. पहांटेचे दोन म्हणून लिहिलेले दोन आपल्याकडे सकाळचे साडेसात होतात. त्या वेळीं बोरिवलीच्या फलाटावर पाय ठेवावयास जागा नसते, आणि तिकिटाचें किंवा पैशाचें काम करणारा सर्व्हर नेमका तेव्हांच डोळे मिटतो. आपले दोन हवे असतील, तर यूटीसीचे रात्रीचे साडेआठ लिहावे, किंवा सर्व्हरचें घड्याळच भारतीय वेळेवर लावावें.

पश्चिम रेल्वे रविवारीं ब्लॉक घेते, तेव्हां जलद मार्ग बंद ठेवून गाड्या धीम्या मार्गावरून नेते. दोन्ही मार्ग एकदम बंद करीत नाहीं. सर्व्हरांचेंहि तसेंच करावें. दोन असतील तर एक उठून कामाला लागल्याची खातरी झाल्यावरच दुसऱ्यास रीबूट करावें. यंत्र आपली आज्ञा अक्षरशः पाळतें. तेव्हां एकदांच काय करावयाचें, प्रत्येक वेळीं काय आणि किती वाजतां, हें आज्ञा देणारानेंच आधीं निश्चित केलें पाहिजे.