डावीकडची कोशिंबीर उजवीकडे

घरात असाल, वावरात असाल, मोबाइलवर रेडिओ लावून खुरपत असाल, तर खुरपणं चालू द्या, कान तेवढे इकडं असू द्या. आज आम्ही गटातल्या बाया दुपारच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. घरातल्या सगळ्यांच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या.

महिन्याच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या की आम्ही एखादा विषय काढतो. मागं एकदा विषय काढला, काल दुपारी कोण काय जेवलं आणि किती वाजता. कर्जाची थकबाकी सांगताना न लाजणाऱ्या बाया हे सांगताना लाजल्या. एकीनं भाकरी-ठेचा सांगितला. दुसरी म्हणाली, भाजीचा रस्सा होता, फोडी संपल्या होत्या. तिसरीनं चहात भाकरी बुडवून खाल्ली होती, कारण मजुरीवरून यायला तीन वाजले. भाजी कोणाच्याच घरी झाली नव्हती असं नाही. भाजी झाली होती. ती डब्यांत गेली, लेकरांच्या ताटात गेली, आल्यागेल्याला वाढली. आपल्यापर्यंत येईस्तोवर पातेलं वाजायला लागलं.

आता एक आकडा ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली कोणाला रोज किती काय लागतं हे ठरवून दिलं. मोठ्या माणसाच्या शरीराला लोह लागतं, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारा घटक. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९. बाईला जास्त, कारण दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं. आणि ज्या माणसाला जास्त लागतं ते माणूस सगळ्यात शेवटी, उरलेलं जेवतं. मग २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांच्या अंगात रक्त कमी निघालं, त्यात नवल काय? आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्तच आहे. जिना चढताना धाप लागते, बसून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं असेल.

शेवटी जेवायची रीत एका भाषणानं बदलत नाही, हे आम्हालाही कळतं. पण आपल्यासाठी एक पदार्थ असा करता येईल का, की जो सकाळी पाच मिनिटांत कालवला जाईल, त्यावर भाजीसारखी मागणी नसेल, आणि जो खाऊन संध्याकाळपर्यंत पोटाला आधार राहील? आम्ही सहा-सात महिने हेच करून बघतोय. हा पदार्थ म्हणजे पोटभरीची कोशिंबीर. पोरं तिला सॅलड म्हणतात. हॉटेलात सॅलड म्हणून काकडीच्या चार चकत्या, कांद्याच्या दोन आणि लिंबाची एक फोड येते. ते आम्ही सांगत नाही. त्यानं दाढसुद्धा ओली होत नाही.

आपल्या ताटात कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं. डावीकडचं चमचाभर वाढायचं, चवीपुरतं. आम्ही एवढंच केलं की कोशिंबीर उजवीकडं आणली आणि चमच्याऐवजी मोठा वाडगा घेतला. पण नुसती काकडी वाडगाभर खाल्ली तर तासाभरात भूक लागते, कारण काकडीत जवळजवळ सगळं पाणीच. पोट भरायचं तर तिच्यात कडधान्य पाहिजे, दाणे पाहिजेत, थोडं तेल पाहिजे आणि खाली भाकरी पाहिजे.

एका बाईचं माप सांगतो. कोरडी मटकी एक भरलेली मूठ, साधारण ४० ग्रॅम. निवडून धुऊन सकाळी भिजत घाला. संध्याकाळी पाणी ओतून टाका, न फुगलेले गणंग दाणे काढा, नाहीतर दाताखाली खडा आल्यासारखं होतं. स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत चांगले मोड येतात. थंडीत गाठोडं चुलीजवळ उबेला ठेवावं लागतं आणि एक दिवस जास्त लागतो. मोड आलेली मटकी बुळबुळीत लागली किंवा तिला आंबूस वास आला तर टाकून द्या. तिथं जीव अडकवू नका.

बऱ्याच जणी मोड कच्चेच खातात. आम्ही ते सांगणार नाही. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. म्हणून चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद घाला, मटकी टाका, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून सहा-सात मिनिटं वाफ काढा. दाणा मऊ झाला पाहिजे, गाळ नाही. गरोदर बाई, म्हातारं माणूस आणि लहान लेकरू यांच्यासाठी पुरती शिजवा. कच्च्या मोडानं पोट फुगतं ही सासूबाईंची तक्रारही वाफेनं निम्मी कमी होते.

मटकी निवली की त्यात एक कांदा, एक टमाटा, एक काकडी चिरून घाला. गाजर असेल तर किसून, कोबी असेल तर बारीक चिरून. कोथिंबीर मूठभर, चिमूटभर नको. हिरवी मिरची आपापल्या जिभेप्रमाणं. मग भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, मोठे तीन चमचे भरून. कूट पिठासारखा केला तर लगदा होतो, दाणा दाताखाली आला पाहिजे. शेंगदाणे निवडताना काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशी आलेला किंवा कडवट दाणा वेचून टाका. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही, आणि कुटात ते दिसतही नाही.

आता हिशेब करू. आपल्या गटाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. चाळीस ग्रॅम मटकीतून नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. कूट २५ ग्रॅम धरला तर त्यातून सहा ग्रॅम. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीतून सात-आठ. झाले बावीस-तेवीस. बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात, म्हणजे निम्मं काम एका दुपारच्या जेवणात झालं. भाकरी-ठेच्याच्या जेवणात हा आकडा दहाच्या पुढं जायला मारामार होते.

लिंबाला मात्र सुट्टी देऊ नका. कडधान्यात आणि पालेभाजीत लोह असतं, पण आपलं आतडं ते सहजासहजी घेत नाही. सोबत लिंबू, आवळा, कच्चा टमाटा असं आंबट असलं की ते जास्त घेतलं जातं. कडधान्य भिजवून मोड आणल्यानंही मदत होते. आणि उलटं काम करतो चहा. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातला कस लोहाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. हे ऐकून गटात जेवढा गोंधळ झाला तेवढा व्याजदर वाढवल्यावरसुद्धा झाला नव्हता. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, बायांनो. मुकादम चारला चहा देतो ना, तो घ्या. जेवणाच्या डब्याला चिकटून आलेला तेवढा टाळा.

वावरात डबा न्यायचा असेल तर मीठ आणि लिंबू वेगळं न्या. मीठ आधी घातलं की काकडी-टमाट्याला पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत कोशिंबिरीचं सार होतं. आमच्यातली एक जण कागदाच्या पुडीत मीठ-तिखट बांधते आणि अख्खं लिंबू डब्याच्या झाकणात ठेवते. उन्हाच्या दिवसांत दही घालून नेऊ नका, आंबतं. उन्हाळ्यात टमाटा-काकडीही तिथंच चिरलेली बरी, सकाळची चिरलेली दोन वाजेपर्यंत उन्हात ठेवू नये.

मटकीचाच हट्ट नको. मूग लवकर मोडावतात. हरभरा किंवा चवळी रात्रभर भिजवून कुकरला शिजवून घेतली तरी चालते. ज्वारी अख्खी रात्रभर भिजवून शिजवली की घुगऱ्या होतात, त्याच कांदा, टमाटा, कूट, लिंबू घालून कालवल्या तर भाकरीचीही गरज राहत नाही. शिळी भाकरी कुस्करून मटकीच्या कोशिंबिरीत मिसळली आणि दहा मिनिटं मुरू दिली तर कोरड्या भाकरीला कंटाळलेली लेकरं वाडगं चाटून पुसून ठेवतात. म्हणून तर सांगतो, आपला वाटा आधी डब्यात भरून झाकण लावा, मग बाकीच्यांना दाखवा.

आणि हे काही शहरातून आलेलं खूळ नाही. आपल्या मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत घोळाणा कोणी खाल्ला नाही? कोवळी मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा शेंडा, करडईचा कोवळा पाला, जे असेल ते बारीक चिरायचं, तिखट, मीठ, कूट आणि वरून कच्चं तेल. आमच्या आज्या वावरात बसून भाकरीबरोबर हेच खायच्या. पाल्यातला आणि गाजरातला जीवनसत्त्व अ तेलाबरोबरच अंगाला लागतो, त्यामुळं वरचं तेल ही काही चैन नव्हे. मधल्या काळात पालेभाजी कच्ची खाणं गरिबीचं लक्षण ठरलं. आम्ही पहिल्यांदा बैठकीत घोळाणा केला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, हे काय शेरडाचं खाणं! त्याच मावशींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते त्यांच्या नावासकट सांगायचं होतं, पण त्या नको म्हणाल्या.

फक्त आज्यांच्या वेळचं वावर आणि आपलं वावर यात एक मोठा फरक आहे, आणि तो आम्ही मुद्दाम सांगतो. तेव्हा फवारणी नव्हती. आता कपाशीवर, सोयाबीनवर, हरभऱ्यावर औषध पडतं, धुऱ्यावर तणनाशक पडतं. तिथला घोळ, पाथरी, हरभऱ्याचा शेंडा हात जाईल तसा खुडून तोंडात टाकायचा नाही. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेलात तर कधी फवारलं ते आपल्याला माहीतच नसतं. कोशिंबिरीचा पाला घरच्या परसातला बरा. चार वाफे मेथी-कोथिंबीर, एक कढीपत्ता, जागा असेल तर एक लिंबाचं झाड. सांडपाणी त्या वाफ्यांना थेट सोडू नका, कच्चं खायचं आहे ते. चिरायच्या आधी पाला दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून धुऊन घ्या. चिरून मग धुतलं तर कस पाण्याबरोबर जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांना दवाखान्यात रक्त कमी सांगितलंय त्यांनी कोशिंबिरीवर भरवसा ठेवून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. जेवण आपलं काम करतं, गोळी आपलं. गोळीनं मळमळत असेल तर आशाताईंना विचारा, त्या वेळ बदलून देतील. उपवासाच्या दिवशी काय, असंही एकीनं विचारलं होतं. साबुदाणा म्हणजे बहुतेक नुसता पिष्ट पदार्थ. त्याच्या जोडीला काकडी, भरपूर दाण्याचा कूट, लिंबू घालून वाडगाभर खमंग काकडी करा. एकादशीही पाळली जाते आणि खुरपंही हातातून गळत नाही.

आमच्या गटात चौदा जणी आहेत. त्यातल्या नऊ जणी आता आठवड्यातून तीन-चार दिवस हा डबा नेतात. बाकीच्या पाचांपैकी दोघींच्या घरी, बाईनं आधी आपला डबा भरला म्हणून बोलणी बसली. त्यांच्या घरी आम्ही चौघी जाऊन आलो. भांडायला नाही. मटकी घेऊन गेलो, तिथंच कालवली, सगळ्यांना वाढली आणि २९ आणि १९ चा आकडा सांगितला. एका घरी आजोबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मग हिला आधी वाढायला पाहिजे की. दुसऱ्या घरी अजून जायचं आहे पुन्हा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं मोड आलेली मूठभर मटकी आणि एक लिंबू आणा. कांदे, टमाटे आणि कूट गटाच्या खर्चातून घेऊ. ज्यांच्या गावात गट नाही त्यांनी शेजारच्या दोघी-तिघींना बोलवा आणि आज संध्याकाळी मटकी निवडायला घ्या, उद्या सकाळी भिजत टाकायची आहे.