पहिलं यंत्र घेताना

सावरगावच्या पोरांना गणपतीत भाड्याचा डीजे नको होता, स्वतः बसवलेलं संगीत हवं होतं. आम्ही मोठ्यांनी वर्गणीतून २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणला. पट्टी दाबली तर आवाजच नाही! पोरांचे चेहरे उतरले. चूक आमची, न विचारता घेतला. त्याला स्वतःचा आवाज नसतो, तो संगणकातून निघतो. घरी संगणक नसेल तर स्पीकरवालाच कीबोर्ड घ्यावा. पट्ट्या बोटाच्या जोराप्रमाणे वाजणाऱ्या पाहाव्यात.

१९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तीनच यंत्रांवर दहा राग वाजवले : ठेक्याला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३, सुरांना ज्युपिटर-८. यंत्रं मोजकी, पण राग पक्के. तेव्हा पेटीचा रियाज सोडू नका.

आता एकाच्या घरच्या संगणकाला तोच कीबोर्ड जोडून पोरं आरती बसवताहेत. ऐकायला या. मोरया!