थोडक्या सुरांचे संगीत
(गतवर्षीच्या गणेशोत्सवात बालचित्रपटाच्या खेळापूर्वी मंडळातर्फे केलेले निवेदन)



आज आपण हायाओ मियाझाकी यांचा 2001 सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट 'स्पिरिटेड अवे' पाहणार आहोत. त्याला ऑस्कर मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आम्ही दोन शब्द बोलणार आहोत ते जो हिसाइशी यांच्या संगीताविषयी, कारण ते सहजी कानांतून निसटून जाते.

सुरुवातीलाच दहा वर्षांची चिहिरो मोटारीत मागच्या सीटवर पडून आहे. जुनी शाळा, मैत्रिणी, सगळे मागे राहिले आहे. आपल्याकडे अशा वेळी व्हायोलिनचा ताफाच रडू लागतो. इथे पियानोचे मोजके स्वर येतात आणि मुलीच्या शेजारी गुपचूप बसून राहतात.

पुढे आगगाडीचा प्रसंग आहे. जखमी हाकूसाठी चिहिरो अनोळखी ठिकाणी निघाली आहे. परतीची गाडी नाही. रुळांवरून चालत येईन, असे ती सांगते. चहूकडे पाणी, सावल्यांसारखे प्रवासी एकेका स्थानकावर उतरतात. संवाद जवळजवळ नाहीत. पुन्हा पियानो, आणि स्वरांमध्ये भरपूर मोकळी जागा. भीतीचा ढोल वाजत नाही, म्हणूनच त्या पोरीचा धीर आपल्याला दिसतो.

या मोकळ्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून ती समजावली होती: दोन टाळ्यांमधला वेळ म्हणजे 'मा'. आपल्या माळव्याला हे परके नाही. देवासच्या कुमार गंधर्वांचे गाणे ऐकलेल्यांना विरामाची किंमत वेगळी सांगायला नको.

गणपतीत ढोलताशे हवेतच. त्यांच्याशिवाय उत्सव कसला? पण एरवीही घरात टीव्ही, हातात मोबाइल. मूल जरा गप्प बसले की आपण लगेच विचारतो, "काय झालं रे?" एकट्याने काही वाटून घ्यायला त्याला सवडच उरत नाही. मोठेपणी दुःख आले, तर ते सोसायचे बळ याच सवडीतून येते, असे आम्हाला वाटते.

म्हणून मोठ्यांना एकच विनंती. आगगाडीचा प्रसंग आला की शेजारच्या मुलाला काही समजावून सांगू नका. खाऊचे पुडेही तेवढ्यापुरते बाजूला ठेवा. त्याला त्या गाडीतून जाऊ द्या, आपणही जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!