नकाशात नसलेल्या राज्याचा कोतवाल

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, जामबाग येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सव समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही माझ्यावरच सोपवला, हे धाडसच म्हणायचं. मी नाटकाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा केला, सरकारी नोकरीला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं फायली पुढे सरकवतो आहे. तेव्हा फायलीवाल्या माणसाला संगीत नाटक कसं दिसतं, तेवढंच सांगतो.

सुरुवात बर्लिनपासून करू. तिथल्या अपोलो थिएटरात १८९९ साली पाउल लिंके या संगीतकाराचं एक छोटं विनोदी संगीत नाटक आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'इंद्राच्या राज्यात'. आपला इंद्र, आणि तोही बर्लिनला! या प्रकाराला तिकडे ऑपेरेटा म्हणतात. संवाद बोलायचे, मधेमधे गाणी, नाच, भपकेदार कपडे आणि शेवट गोड. त्याआधी, १८७१ साली, व्हिएन्नात योहान श्ट्राउसने आपली पहिली ऑपेरेटा केली तीही अशाच एका दूरच्या बेटावरच्या इंडिगो नावाच्या राजाची, जोडीला चाळीस चोर. कथा इतकी विस्कळीत होती की चाळीस चोर म्हणजे ती लिहिणारेच, असं गावातले टवाळ म्हणत. नाटक मागे पडलं, त्यातल्या सुरावटींचं वॉल्ट्झ मात्र अजून वाजतं.

या लोकांना पूर्वेकडच्या राजाचीच गरज का पडावी? एक कारण उघड आहे. पगडी, हत्ती आणि जनानखाना दाखवला की तिकिटं खपतात. त्यात आपल्याबद्दलचं अज्ञान भरपूर होतं, ते गोड मानून घ्यायचं कारण नाही. पण दुसरं कारण जास्त कामाचं. व्हिएन्नात नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षकाकडे जायची. आपल्या सम्राटाला हसायची सोय नव्हती. बेटावरच्या राजाला हसायला कोण अडवणार?

इंग्रजांचं 'मिकाडो' यातलं सर्वांत गाजलेलं. लंडन, १८८५. टिटिपू नावाचं काल्पनिक जपानी गाव. तिथे पूह-बाह म्हणून एक अधिकारी आहे. बाकीच्यांनी राजीनामे दिल्यामुळे सगळी खाती त्याच्याच गळ्यात, आणि पगारही सगळे त्यालाच. त्याला सल्ला विचारला की तो उलट विचारतो, कुठल्या खात्याचा प्रमुख म्हणून सांगू? आपल्याकडे याला 'फुल ॲडिशनल चार्ज' म्हणतात. समोर सरकारी नोकरीतली चार-पाच मंडळी हसताहेत, त्यांना कळलं. आमच्याकडे फक्त सगळे पगार मिळत नाहीत. १९०७ साली जपानी राजपुत्र लंडनला येणार म्हणून याच नाटकावर काही आठवडे बंदी आली होती. काल्पनिक राज्यही कधीकधी असं कुणाला तरी झोंबतं.

आता घरी येऊ. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' आणि 'मूकनायक' ही नाटकं अशाच कल्पित राजेराजवाड्यांची लिहिली. 'मूकनायका'तला नायक तर मुका असल्याचं सोंग घेऊन वावरतो. पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली, कोटीवर कोटी. पण खरं सांगायचं तर त्यातला राजवाडा मला फार स्वच्छ वाटतो. धूळ कुठेच नाही.

धूळ आहे ती वगात. गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली की वग सुरू, आणि वगात राजा आणि प्रधान ठरलेले. दोन वाक्यांत राज्य उभं राहतं, पडदा नको की सिंहासन नको. या जुन्या साच्यात वसंत सबनीसांनी १९६५च्या सुमारास 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं. 'छपरी पलंगाचा वग' हे त्याचं दुसरं नाव. दादा कोंडके नायगावच्या चाळीतले, सेवादलाच्या कलापथकातून आलेले. 'खणखणपूरचा राजा'मधलं त्यांचं काम सबनीसांनी पाहिलं होतं. दादा झाले हवालदार आणि महाराष्ट्रभर प्रयोगांमागून प्रयोग झाले. पुढे हिंदीत ते 'सैंया भये कोतवाल' म्हणून गाजलं.

गोष्ट काय? कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, आता खुर्ची आपली. प्रधान आपल्या नात्यातला माणूस आणून बसवतो. मग हवालदार मैनावती नाचणारणीला हाताशी धरतो. ती नव्या कोतवालाला नादी लावते आणि हट्ट धरते की मला राजाचा छपरी पलंग हवा. शहराचा रखवालदार राजाचाच पलंग चोरायला निघतो. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी राहू द्या.

हे पदोन्नतीचं नाटक आहे हो! ज्येष्ठता यादीत नाव वर असून वरून माणूस आला, हे कुठल्याही खात्यात एकदा तरी घडलेलं असतं. माझ्याही बाबतीत घडलं. खात्याचं नाव विचारू नका. तेव्हा अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज हे सगळं केलं. हवालदार अर्ज करत नाही, डोकं चालवतो. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर मी हे नाटक पुन्हा वाचलं आणि एकटाच मोठ्यांदा हसलो. बदली झालेल्या मित्राला फोन करून दोन पानं वाचून दाखवली, तोही हसला. अर्ज अजून तसाच आहे.

आणि आपल्या शहराची गंमत वेगळी. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला कोतवाल म्हणजे गोष्टीतलं पात्र. आपल्या आजोबांनी खरा कोतवाल पाहिला. राजाबहादुर वेंकटरामा रेड्डी १९२० नंतर बरीच वर्षं या शहराचे कोतवाल होते. नारायणगुड्याचं महिला कॉलेज त्यांच्याच नावाचं. माणूस कर्तबगार, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुद्दा इतकाच की राजा, प्रधान, कोतवाल हे शब्द या जामबागेत १९४८पर्यंत रोजच्या बोलण्यातले होते. सभा घ्यायलासुद्धा परवानगी लागायची. त्या काळात असा वग इथे उघड्यावर कुणी केला असता का, याचा विचार जरूर करा.

आता माझी मागणी, कारण तेवढ्यासाठीच उभा राहिलो. मागच्या बैठकीत मी हा वग मांडवात बसवू या म्हटलं, तर दोन आक्षेप आले. पहिला, तमाशा गणपतीपुढे शोभत नाही. अहो, वगाच्या आधी गण असतो, त्यात पहिलं नमन गणपतीलाच! चावट जागा आहेत, मान्य. त्या ज्येष्ठ भगिनींसमोर वाचून दाखवू, त्या म्हणतील त्या गाळू. माझा अंदाज आहे की त्या पुरुषांपेक्षा कमी गाळतील.

दुसरा आक्षेप खरा आहे. आपल्या मुलांना द्वयर्थी मराठी कळत नाही. घरात 'जेवायला ये' एवढं मराठी उरलं, बाकी तेलुगू, दखनी, इंग्रजी. पण कोटी समजावून सांगून कळत नाही, ती तोंडात बसावी लागते. दोन महिने तालमीत हवालदाराचं काम केलेला मुलगा जेवढं मराठी शिकेल तेवढं आमच्या सूचनांनी शिकणार नाही. पाहिजे तर शिपाई दखनी बोलू दे. वगात रोजच्या बातमीवर बोलायची मुभा असतेच, दादांनी ती मनसोक्त वापरली.

खर्च फारसा नाही. राजाचे कपडे भाड्याने मिळतील, पलंग आमच्या घरी आहे, छप्पर सुताराकडून करून घेऊ. प्रधानासाठी मी समितीतच एक नाव हेरून ठेवलंय, ते आत्ता सांगत नाही. अडचण आहे ती ढोलकीची. तबलजी आपल्याकडे तीन आहेत, ढोलकी वाजवणारा एकही नाही. कुणाच्या ओळखीत नांदेड-उदगीरकडचा कुणी असेल तर भाषण संपल्यावर मला भेटा.