शाळेला वाहिलेले आयुष्य : रिबेकाबाई रूबेन
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपल्या रायगड जिल्ह्याशी ज्या समाजाचे नाते शतकानुशतकांचे आहे, त्या बेने इस्रायल समाजातील एका थोर मुख्याध्यापिकेचे कार्य आज आपल्यापुढे मांडावे, असे मी योजिले आहे. आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि वाचलेले लोक येथेच वसले, अशी या यहुदी समाजाची परंपरागत समजूत आहे. तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा धर्मनियम. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. किहीमचे ते केहिमकर, पेणचे ते पेणकर, अशी आपल्या गावांचीच नावे त्यांनी धारण केली.

याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू आणि नोकरीसाठी इंग्रजी, अशी त्या मुलांची त्रिविध गरज होती. ती भागविणारी ही शाळा पुढे माझगावात स्थिरावली व सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या शाळेला दीर्घकाळ लाभलेल्या मुख्याध्यापिका म्हणजे रिबेकाबाई रूबेन. त्यांचा जन्म १८८९ चा. पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकल्या. ती शाळा निघून तेव्हा जेमतेम वीस वर्षे लोटली होती. मुलींनी शिकावे की नाही, याचाच वाद घरोघर चालू असता १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या सर्वांत पहिल्या आल्या. हा मान मिळविणारी ती पहिली मुलगी. पदवीनंतर त्यांनी इंग्लंडात जाऊन लंडन येथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि केंब्रिज येथे हिब्रूचा अभ्यास केला.

एवढी विद्या संपादन केलेल्या व्यक्तीस मोठ्या पदाची वाट मोकळी होती. परंतु १९२२ मध्ये त्यांनी आपल्या लहानशा समाजाच्या शाळेचे मुख्याध्यापकपद पत्करले आणि १९५० मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, ते सांभाळले. मुलांना इंग्रजी सुलभ व्हावे म्हणून त्यांनी ‘अशोका रीडर्स’ ही क्रमिक पुस्तके लिहिली. तत्पूर्वी, १९१७ ते १९२० या काळात, त्यांनी समाजाच्या इंग्रजी वार्षिकाचे संपादन केले. विखुरलेल्या समाजाला आपला इतिहास व आपले प्रश्न एकत्र वाचावयास मिळावेत, हे त्या कार्याचे मोल. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. आपल्या किनाऱ्यावरील गावांत आता मोजकीच घरे उरली आहेत. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुलेच नाहीशी झाली, तर शाळेचे काय व्हावे? माझगावची शाळा बंद पडली नाही. इतर धर्मांच्या मुलांनी तिचे वर्ग भरले. एका समाजाने आपल्या गरजेपोटी लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्यांच्या लेकरांना मिळाली.

बंधुभगिनींनो, हे चरित्र सांगण्यास कारण आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेचा पट वीसच्या आत आहे. गावातील तरुण मुंबईस जातात, मुले त्यांच्यामागून जातात, आणि उरलेल्या पाच-दहा मुलांसमोर उभे राहताना आपल्या श्रमाचा उपयोग काय, असा विचार मनात येतो. त्या वेळी रिबेकाबाईंचे स्मरण करावे. समाज लहान म्हणून त्यांनी आपल्या विद्येचा वाटा कमी केला नाही. उत्तमातले उत्तम शिक्षण घेऊन त्या आपल्याच माणसांकडे परत आल्या आणि तेथेच टिकल्या. पाच मुलांच्या वर्गातही पाठाची टाचणे तितक्याच काळजीने काढली जावीत, कारण समोरच्या मुलीला पहिली येण्याचा तितकाच अधिकार आहे.

आणखी एक विनंती. आपल्या गावात सिनेगॉग वा यहुदी दफनभूमी असेल, तर मुलांना तेथे अवश्य न्यावे व गावच्या या जुन्या शेजाऱ्यांची माहिती सांगावी. परिसर अभ्यासाचा याहून चांगला पाठ कोणता?