मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

(रिसोड तालुक्यातील रिठद येथे बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल आणि मृगाची पेरणी एकाच सुमारास येतात. एकीकडे बियाणे-खतासाठी पैशांची जुळवाजुळव चाललेली असते, तर दुसरीकडे मुलगा वा मुलगी म्हणते, ‘बाबा, मला पुण्याला मानसशास्त्र शिकायचे आहे.’ दहा-पंधरा वर्षांपूर्वी रिठदसारख्या गावात हा विषय कुणाच्या ओठावरही नव्हता. आज तो आहे, आणि ही गोष्ट आनंदाचीच म्हटली पाहिजे. तथापि आनंदाच्या भरात बँकेच्या कागदावर होणारी सही डोळसपणे झाली पाहिजे, एवढ्यासाठीच हा विषय येथे मांडला जात आहे.

मानसशास्त्र हे काही आपल्या समाजाला परके शास्त्र नव्हे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तीच मुळी या शास्त्राच्या आधाराने. बुद्धिमत्तेचे मापन आणि विकास यांचा विचार तेथे मराठी मातीत रुजला. वाशीम जिल्ह्याला तर या विद्येची नितांत गरज आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. शेतकऱ्यांना मानसिक आधार मिळावा म्हणून राज्य शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचेही पद आहे. तेव्हा, या विषयाला काही भवितव्य आहे काय, ही शंका प्रथमच दूर सारावी. भवितव्य आहे. प्रश्न आहे तो कोणत्या पायरीवर अर्थार्जन सुरू होते याचा.

येथेच बहुतेक कुटुंबांची गफलत होते. अभियांत्रिकी वा परिचर्या यांप्रमाणेच मानसशास्त्राची तीन वर्षांची पदवी हातात पडली की व्यवसाय सुरू होतो, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेले व्यावसायिक प्रशिक्षण लागते. नोंदणीवाचून असा व्यवसाय करणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा आहे. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे पदवीची तीन वर्षे, पदव्युत्तर दोन आणि त्यानंतर एम. फिल. ची दोन, अशी एकूण सात वर्षे. आता एम. फिल. बंद होऊन नव्या रचना येत असल्याने कोणती पदवी ग्राह्य आहे, हे प्रवेशापूर्वी परिषदेच्या यादीत पाहणे अगत्याचे आहे. केवळ बी. ए. च्या बळावर मिळतात त्या साध्या नोकऱ्या: एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात साहाय्यक, स्वयंसेवी संस्थेत क्षेत्रकार्यकर्ता. शाळेतील समुपदेशकाच्या जागेसाठीही बहुधा पदव्युत्तर पदवीच विचारली जाते.

आता आकडे मांडू. समजा, पुण्यातील एखाद्या खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला एक लाख आणि राहण्या-जेवणाचा खर्च आणखी एक लाख. तीन वर्षांचे सहा लाख झाले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही. वावर गहाण पडत नाही, म्हणून वडील निश्चिंत होतात. परंतु वडिलांची सही सहकर्जदार म्हणून असतेच. शिक्षणाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. दरवर्षी दोन लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरले, तर चार वर्षांनी सहा लाखांचे सात लाख ऐंशी हजार होतात. ते दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ३०० रुपये आणि एकूण परतफेड १२ लाख ३७ हजारांच्या घरात जाते. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता ८ हजार ४०० च्या आसपास उतरतो, पण एकूण परतफेड १५ लाखांवर पोहोचते.

मुलीला पहिली नोकरी अठरा हजारांची लागली असे धरा. हप्ता गेल्यावर पुण्यात खोलीभाडे आणि जेवण यांसाठी ७ हजार ७०० उरतात. ते पुरणार नाहीत, हे कुणीही सांगेल. मग हप्ता कोण भरणार? अर्थात घर. पाच एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल उतारा, आणि २०२५-२६ चा ५ हजार ३२८ रुपयांचा हमीभाव पूर्णपणे मिळाला, तरी हाती १ लाख ६० हजार येतात. निम्मा खर्च वजा जाता ऐंशी हजार. वर्षाचा हप्ता मात्र १ लाख २४ हजारांचा. हमीभाव बाजारात मिळतोच असे नाही, हे या सभेत वेगळे सांगण्याची गरज नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पदवीनंतर एक वर्ष संपते, तेव्हा मुलगी पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले वर्ष नुकते पुरे करत असते. ज्या पायरीवर खरे अर्थार्जन सुरू व्हायचे, तिच्या तीन वर्षे आधीच पहिला हप्ता दारात उभा राहतो. पुढील शिक्षणासाठी मुदत वाढवून घेता येते, पण ती आपोआप वाढत नाही. बँकेकडे वेळेत अर्ज करावा लागतो आणि व्याज थांबत नाही. कित्येक मुली पहिल्या पायरीवरच शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरतात, त्याचे मूळ बुद्धीच्या उणेपणात शोधणे अन्यायाचे होईल. ते या वेळापत्रकात आहे. हप्ते थकले, तर त्याची नोंद वडिलांच्या पतपत्रिकेतही होते आणि पुढे पीककर्ज मागताना ती आडवी येऊ शकते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शासनाच्या सवलतीमुळे ते जवळजवळ बिनव्याजी पडते. त्या स्वस्त कर्जाची वाट दहा टक्क्यांच्या कर्जाने अडवून घेणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मग मुलीची इच्छा मोडायची काय? मुळीच नाही. पदवीची तीन वर्षे अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील अनुदानित महाविद्यालयात, जेथे हा विषय आहे तेथे, काढावीत. तेथील शुल्क घरातून भागण्याजोगे असते. शहराचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु पुढील प्रवेशासाठी परीक्षा असते, आणि तेथे पदवी कोणत्या शहरातली हे विचारले जात नाही. कर्ज घ्यायचेच, तर ते नोंदणी मिळवून देणाऱ्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या राष्ट्रीय संस्थेत त्या टप्प्यावर विद्यावेतनही मिळते. जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र आहे, हे खरे.

काही समजुती येथेच दूर व्हाव्यात. २०२४-२५ पासून राज्यात मुलींना मिळणारी शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, मानसशास्त्राच्या बी. ए. ला ती लागू आहे असे धरून चालू नये. साडेचार लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नासाठीची केंद्राची संपूर्ण व्याजसवलतही तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणापुरतीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत आहे. मात्र महाविद्यालय त्या योजनेच्या यादीत असावे लागते. आणि घरी बसून पत्राने मानसशास्त्र शिकण्याचा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केला आहे. तशी जाहिरात कुणी दाखविली, तर पैसे भरू नयेत.

ज्यांच्या घरात कर्ज आधीच उचलले गेले आहे, त्यांनी खचून जाण्याचे कारण नाही. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिले, तर ते मुद्दलात मिळत नाही आणि अनेक बँका दरात एक टक्का सूटही देतात. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १ हजार ६६७ रुपये येते, दुसऱ्या वर्षी ३ हजार ३३३ आणि तिसऱ्या वर्षापासून पाच हजार. सोयाबीन विकले जाते त्या आठवड्यातच ही रक्कम बाजूला काढावी. शाखेत जाताना मुलीला बरोबर न्यावे, कारण कर्जदार म्हणून पहिले नाव तिचे आहे.